बीपी लागत नव्हतं

पटो वा न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या वहिनींच्या बाबतीत. रुचितावहिनी. राहायला बेव्हर्ली पार्कात. नसलेलं सांगायचा त्यांचा स्वभाव नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार. दुपारचे साडेतीन.

हो, भरदुपारी.

वहिनी कंत्राटावर नर्स होत्या. कागदपत्रं नसलेल्या परदेशी बायकांना मायदेशी पाठवेपर्यंत ठेवायची एक जागा तेव्हा भाईंदर पूर्वेला होती. नेमकी कुठे, ते सांगत नाही. चार खोल्या. बाहेरून कड्या. दर मंगळवारी वहिनींनी जायचं, प्रत्येकीला तपासायचं आणि 'सर्वांची प्रकृती ठीक' लिहून सही करायची.

आधीच्या मंगळवारी त्यांना घरी जायची घाई होती. तीन खोल्या झाल्या. पहाऱ्यावरची दुर्गा म्हणाली, "सिस्टर, चार नंबरला एकटी सलमाच आहे. झोपलीये. मारा सही, मी आहे ना."

वहिनींनी सही केली.

आठवडाभर ते मनाला लागून राहिलं. म्हणून या वेळी आधी चार नंबर. दुर्गा फोनवर बोलत होती. वहिनींनी स्वतःच कडी काढली.

आत पाऊल टाकलं आणि... शेजारच्या खोल्यांमधला गलका एकदम थांबला.

भिंतीला टेकून एक पोरगी बसली होती. विशी-बाविशीची. ओठ फुटलेले.

"दीदी, पानी नहीं आता. तीन दिन से बोलती."

वहिनींनी नळ फिरवला. थेंब नाही. आपली बाटली पुढे केली. पोरगी बाटलीकडे नुसती बघत राहिली.

"सलमा ना?"

"वो काम का नाम. डर से बोला. मेरा नाम मोमेना. माँ का नाम राबेया."

गावाचं नावही तिने सांगितलं. सीमेपलीकडच्या जेसोरच्या बाजूचं. वहिनींनी सगळं वहीत लिहून घेतलं.

मग बीपी. दंडाला पट्टा बांधला. हवा भरली. स्टेथोस्कोप कानाला लावला.

काहीच नाही...

हवा सोडली. पुन्हा भरली.

काहीच नाही.

त्यांनी तो स्वतःच्या छातीवर लावला. धडधड... धडधड. नीट चालत होता. पुन्हा तिच्या दंडावर ठेवला.

शुकशुकाट.

"बीपी लागत नाहीये," त्या पुटपुटल्या. हे वाक्य आजवर आपण कोणत्या पेशंटबद्दल बोललो, ते त्यांना आठवलं.

"पिछला मंगलवार आप आया था," पोरगी हळू म्हणाली. "मैं दरवाजा पीटा. आप चला गया."

तो आवाज वहिनींनी ऐकला होता. कुणीतरी कपडे धोपटतंय, असं वाटलं होतं.

त्या बाहेर धावल्या. "दुर्गा! चार नंबरला पाणी आण. अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव!"

दुर्गाच्या हातातला फोन खाली आला.

"सिस्टर... चार नंबर रिकामी आहे. ती गेली. मागच्या मंगळवारीच, तुम्ही निघाल्यावर. साहेब म्हणाले, कुठे बोलू नका."

दोघी आत गेल्या.

कोणी नव्हतं.

बीपीचा पट्टा जमिनीवर होता. बांधलेलाच. दंडाएवढा गोल...

त्याच संध्याकाळी वहिनींनी तक्रार लिहिली. आपली खोटी सहीसुद्धा कबूल केली. कंत्राट गेलं. चौकशी समिती आली. दुर्गाने साक्ष दिली आणि ती जागा बंद झाली.

समितीने विचारलं, "रजिस्टरमध्ये पत्ता नाही. खरं नावही नाही. तुम्हाला कुठून मिळालं?"

"तिनेच सांगितलं."

"कोणत्या तारखेला?"

वहिनींनी खरी तारीख सांगितली. लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. तो रकाना कोराच राहिला.

पण त्या पत्त्यावर राबेया सापडली.

जूनमध्ये तिचा फोन आला. मध्ये एक वकील भाषांतर करत होते.

"त्या विचारतायत, मुलीला शेवटचं तुम्हीच पाहिलं ना? तेव्हा तिला दुखत होतं का?"



"नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा दुखत नव्हतं."

पलीकडे बाई रडत रडत दुवा देत राहिली. वहिनींना ऐकवेना.

त्या अजूनही म्हणतात, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.