मागच्या कप्प्यातले केस

लिलावघरात तिला सगळे भिंगताई म्हणत. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय ती स्वतःच्या डब्यातली भाजीसुद्धा ओळखत नाही, असं तिथला फोटोवाला सांगत फिरायचा. तिचं काम एवढंच, की आलेली वस्तू नीट बघायची आणि दिसेल ते लिहायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही; दिसलेलं.

सोमवारी एक आजोबा गळ्यात घालायचा रत्नजडित क्रूस घेऊन आले. घडवलेला दीडशे वर्षांपूर्वी, पण धाटणी त्याहून कितीतरी जुनी. नातवाने आजोबांचा कोट घालून ऐटीत उभं राहावं तशी. त्या काळातल्या सोनारांना ही हौसच होती. सोन्याच्या चार बाहूंवर माणकं, कडेला निळा मीना, खाली लोंबता मोती. पाठीमागे काचेचं झाकण असलेला नखाएवढा कप्पा.

"त्यात माझ्या आईचे केस आहेत, पांढरेशुभ्र," आजोबा म्हणाले. "ते मला काढून द्या आणि बाकीचं खुशाल विका. आई काही लिलावात काढायची वस्तू नाही."

"आमचा नियमच आहे तो. केस घरच्यांना परत. शुक्रवारी या, आजोबा."

ते गेल्यावर तिने चिमट्याने झाकण उचललं. आत काळ्या, मऊ केसांचा एक कुरळा वळसा होता. टोकाला किंचित तांबूस.

तिचा हात जागीच थांबला. तिची कुरळ्या केसांची लेक चिमी चार वर्षांची असताना गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. दवाखान्यात चिमीचे केस उतरवले तेव्हा औषधं आणायला ती खाली गेली होती. वर येईपर्यंत फरशी झाडून झाली होती. एक बटसुद्धा हाती लागली नव्हती.

कुरळ्या केसांच्या मुली काय कमी असतात, असं तिने मनाला बजावलं. मग नोंद केली : काळे, कुरळे, लहान मुलाचे.

दुपारी फोटोवाला नोंदीचा कागद नाचवत आला. "ताई, भिंग पुसा जरा. काळे कुठे दिसले?"

त्याने फोटो दाखवला. कप्प्यात सरळ, पांढरे केस होते.

तिने टेबलाशी येऊन पुन्हा पाहिलं. काळा वळसा होता. वाकल्यावर दवाखान्यातल्या साबणाचा वास आला.

बुधवारी तो वळसा बोटभर लांब होता. गुरुवारी दोन बोटं. नखाएवढ्या जागेत तो मावत कसा होता, हे तिला सांगता आलं नसतं.

'कप्पा रिकामा' एवढं लिहिलं की झालं असतं. पर्स उघडीच होती. पण साऱ्या जगाला पांढरे दिसणारे केस आपल्याला काळे दिसत असतील, तर चूक जगाची कशी? आणि दुसऱ्याची आई चोरायची? तिने पर्स बंद केली. मग तिने जुनी नोंद खोडली आणि लिहिलं : पांढरे, सरळ. वीस वर्षांत प्रथमच तिने न दिसलेलं लिहिलं होतं.

शुक्रवारी आजोबांनी केसांची पुडी उघडली. त्यांचे डोळे भरून आले. "आईच," ते म्हणाले. सही केली. पुडी कोटाच्या खिशात गेली, तेव्हा तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

क्रूस विकला गेला.

पंधरवड्याने आजोबा परत आले. चेहरा उतरलेला. त्यांनी पुडी तिच्यापुढे ठेवली.

"हे तुमचं असावं. माझी आई करारी बाई होती. ती अशी मुसमुसत नसे."

तिने पुडी दोन्ही हातांनी जवळ ओढली.

"आमच्या जिन्यात बसून असते. ये म्हटलं तर वर येत नाही. म्हणते, आई येईलच आता." आजोबांनी दाराकडे बोट दाखवलं. "म्हटलं, चल पोरी, सोडतो तुला. बाहेर बाकावर बसवलंय. आत यायला बिचकते."

ती उठली. काचेच्या दारातून बाक दिसत होता.

बाक रिकामा होता.

बाकापुढे दारावरचा पहारेकरी एक गुडघा टेकून बसला होता. हवेतच, सावकाश, बुटाची नाडी बांधावी तशी त्याची बोटं हलत होती.

"झालं," तो रिकाम्या बाकाकडे वर बघून हसला. "आता दुसरा पाय."