दोन टिचक्यांत दिसेल तेवढंच

"छाती एकदम स्वच्छ आहे तुमची. जा, कामावर जा," डॉ. बापट म्हणाले.

मारुती धोत्रे खोकत उठला. खडीच्या क्रशरवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "मग साहेब, जिना चढताना दम का लागतो?"

"वय झालं."

"एक्केचाळिसावं लागलंय, साहेब."

कोपऱ्यातल्या संगणकावर रेवा दुपारे काम करत होती. या रुग्णालयाच्या सगळ्या शाखांत 'निवळ' बसवायचं कंत्राट तिच्या कंपनीकडे होतं. निवळ म्हणजे एक्स-रे उघडून दाखवणारा नवा प्रोग्रॅम, नवा दर्शक. फाइलवर दोन टिचक्या मारल्या की तोच उघडायचा आणि चित्रातला कचरा आपणहून पुसून टाकायचा. इथे महिनाभर चाचणी झाली होती. आज त्याला सगळीकडे कुलूप लागणार होतं: दोन टिचक्यांवर निवळऐवजी दुसरा दर्शक कुणाला लावताच येणार नाही.

कुलूप लावण्याआधी ताजी फाइल जुन्या दर्शकात उघडून बघायचा नियम होता. ताजी फाइल मारुतीची. दोन्ही फुप्फुसांत पांढरे ठिपके, रवा सांडल्यासारखे.

"डॉक्टर, इकडे या जरा."

बापटांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ही तर दगडाची धूळ! मला कशी दिसली नाही?"

"दाखवलीच नाही तुम्हाला. निवळला हे ठिपके कचरा वाटतात."

तिने तिथूनच कंपनीतल्या तिच्या साहेबांना, टिळेकरांना, फोन लावला.

"पुढच्या आवृत्तीत बघू," टिळेकर म्हणाले. "जुना दर्शक मेनूत आहेच की."

"मेनूत कोण जातं, सर? तुम्ही जाता? जे आपोआप उघडतं तेच माणूस खरं धरतो. म्हणून तर कुलूप हवंय तुम्हाला!"

"संध्याकाळपर्यंत लाव. नाहीतर उद्या येऊ नकोस."

"लावते ना."

तिने लावलं, पण उलटं. आता सगळ्या शाखांत मूळ चित्र आधी उघडणार. निवळ मागितला तरच. कुलूप काढायचा अधिकार तिने कंपनीकडून काढून डॉक्टरांच्या हाती दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माणसाची छाती पुसायचा धंदा मी करणार नाही. रेवा दुपारे.'

काही मिनिटांत तिचं खातं बंद झालं.

"नोकरी गेली ना तुमची?" बापटांनी विचारलं.

"गेली. चित्र तर आलं!"

मारुती अजून दारातच होता. सगळं ऐकून त्याने खिशातून फोन काढला.

"माझा धाकटा भाऊ मागच्या आठवड्यात इथंच छातीच्या तपासणीत पास झाला. आत्ता क्रशरवर असेल. त्याला मी बोलावतो, डॉक्टर. बाकीच्यांना कोण बोलावणार?"