खोडातली तीन भोकं

चंद्रहास आत आला तो खाली मान घालूनच.

पापाटोएटो या उपनगराच्या बाजारात एका साडीच्या दुकानावर प्रमोदिनीचं ऑफिस होतं. तिथल्या नगरपालिकेतली, म्हणजे कौन्सिलमधली, नोकरी सोडून ती घर-जमिनींच्या तंट्यांचे खासगी तपास करायची. नवरा विवेक तिची गाडी चालवायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"माझ्या अंगणातल्या झाडाला कुणीतरी विष घातलंय," चंद्रहास म्हणाला. "आणि कौन्सिलला वाटतंय, बांधायला जागा मोकळी व्हावी म्हणून मीच घातलं."

त्याला मागच्या अंगणात वडिलांसाठी खोली बांधायची होती. कुंपणापासून ठरावीक अंतर सोडायचा नियम होता. पण अंगणाच्या मधोमध पोहुतुकावाचं जुनं, संरक्षित झाड, त्याच्या मुळांजवळ खणायला बंदी. म्हणून त्यानं कुंपणाला लागून बांधायची सूट मागितली होती. खरीच अडचण असेल, तरच अशी सूट मिळते.

"ती अडचण पाहायला कौन्सिलचा माणूस घरी आला होता. मी सगळं सांगितलं. बाहेर झाडाची अडचण, आत जागेची. बाबा शेजारीच होते, पण त्यांना इंग्रजी कुठलं समजायला? उगाच काळजी नको, म्हणून मीही त्यांना नियमांचं काही सांगितलं नाही. पुढं झाडाची पानं गळायला लागली, आणि खोडात तीन भोकं सापडली."

"झाड मेलं तर?" विवेकनं विचारलं.

"मग झाडाची अडचणच उरत नाही. अर्ज फेटाळणार, आणि विषानं मेलेल्या झाडाच्या जागीही बांधू देणार नाहीत."

शनिवारी दोघं त्याच्या घरी गेले. प्रमोदिनीनं खोडावरचं एक भोक नखानं खरवडलं. आत सरसात मळलेला लाकडाचा भुसा होता, वरून सालीसारखाच रंगवलेला.

"घाईचं काम नाही हे," ती म्हणाली.

कुंपणापलीकडे ग्लेनिस नावाच्या वयस्कर शेजारीण कपडे वाळत घालत होत्या.

"हो, मी हरकत घेतलीय," त्या म्हणाल्या. "माझ्या भाज्यांवर सावली पडेल. आणि कुंपणाला चिकटायचंच कशाला? झाडाखाली एवढी मोकळी जागा आहे, तिथं बांधा की."

"म्हणून तुम्ही झाड मारलंत?" विवेक बोलून गेला.

ग्लेनिसबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "या झाडावर तुई पक्षी येतात," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

घरात चंद्रहासच्या बायकोनं, सिद्धीनं, नव्या खोलीसाठी शिवलेले पडदे दाखवले. "बाबा सध्या ईशाच्या खोलीत झोपतात. त्यांच्या खोकल्यानं तिची झोप मोडते."

"आय डोन्ट माइंड," लहानगी ईशा म्हणाली. "आजोबा हीप्स ऑफ स्टोरीज सांगतात."

चंद्रहासचे वडील काशिनाथ हॉलमध्ये इंग्रजी पेपर वाचत बसले होते. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. शेजारचा देव्हारा त्यांनीच बनवलेला. प्रमोदिनीनं त्यावरून हात फिरवला.

"सुबक आहे हो, काका. एक स्क्रू दिसत नाही."

"स्क्रूचं डोकं दिसलं की काम फुकट."

"खोली कधी होणार तुमची?"

"झाड जगलं तर होईल. नाहीतर नाही." त्यांनी पेपरचं पान उलटलं.

सोमवारी, ईशा शाळेत असताना, प्रमोदिनीनं तिघांना हॉलमध्ये बसवलं.

"ग्लेनिसबाई म्हणतात, झाडाखाली बांधा. म्हणजे झाडामुळेच सूट मिळणार होती, हे त्यांना ठाऊकच नाही. झाड मारून खोली अडेल, हे त्यांना सुचणार कुठून? चंद्रहास आणि सिद्धीला हे ठाऊक होतं, पण त्यांना खोली हवी होती. उरले काका. चंद्रहासनं त्यांना काहीच सांगितलेलं नाही. तरी झाड जगलं तरच खोली, हे त्यांना माहीत होतं."

"कसं?" विवेकनं विचारलं.

"कौन्सिलच्या माणसासमोरच ऐकलं. काका रोज इंग्रजी पेपर वाचतात. घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि भोकं बुजवलीत ती देव्हाऱ्याच्या स्क्रूंसारखीच, सरस आणि भुशानं. विष घालणारा दुसरा कुणी ती तशीच सोडून गेला असता. यांच्या हाताला उघडं भोक सोडवत नाही."

काशिनाथांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला नीट विचारलं असतं, तर गेलो असतो त्या खोलीत," ते म्हणाले. "पण परक्या माणसापुढे हा म्हणाला, खरी अडचण म्हाताऱ्याची आहे. त्या माणसानं मान डोलावली आणि लिहून घेतलं. मी समोर बसून त्याला चहा घ्या म्हणत होतो." त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "झाडानं माझं काय केलं होतं? लाज वाटते मला."

सिद्धीनं पडद्यांची घडी सोफ्यामागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी काशिनाथ मुलाबरोबर कौन्सिलमध्ये गेले आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून आले. अर्ज मागे घेतला. झाडांच्या जाणकारानं सांगितलं, की अर्धं झाड कदाचित जगेल.

संध्याकाळी विवेक ग्लेनिसबाईंची माफी मागायला गेला. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. "ठीक आहे," म्हणाल्या, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

परतताना तो चंद्रहासकडे डोकावला. काशिनाथ गादीची वळकटी घेऊन ईशाच्या खोलीतून बाहेर येत होते.

"व्हाय, आजोबा?" ईशानं विचारलं.

"माझ्या खोकल्यानं तुझी झोप मोडते ना, बाळा."

त्यांनी हॉलच्या कोपऱ्यात गादी पसरली. चंद्रहास आणि सिद्धी दारात उभे होते. 'बाबा, आत जा' म्हणायला दोघांपैकी कुणालाच तोंड उरलं नव्हतं. विवेकनं नजर खाली वळवली आणि मुकाट्यानं आपल्या जँडल्स-चपला पायांत सरकवल्या.