शेपटी का गळेना?

चंद्रावरच्या वसाहतीतल्या प्रयोगशाळेत नूपुर काळसेकर टाकीला नाक लावून बसली होती. आतले बेडूकमासे खाऊनपिऊन टम्म झाले होते, पण एकालाही पाय फुटेना. हरितगृहातली चिलटं खायला बेडूक हवे होते. पुढचं यान येईपर्यंत ते तयार झाले नाहीत, तर प्रकल्प बंद आणि नूपुरची रवानगी पृथ्वीवर.

"जन्मभर पोरंच राहायचं ठरवलंय का रे?" ती करवादली.

"त्यांना निरोपच पोचत नाहीये," रसायनतज्ज्ञ डॉ. मुलाणी आत येत म्हणाले. "तुझ्या टाकीच्या पाण्यात ब्रोमीन सापडलंय."

"ते कुठून आलं, सर?"

"तू बसलीयेस त्या गादीतून. फोम पेटू नये म्हणून त्यात ज्वालारोधक घालतात. जुनी रसायनं विषारी ठरली, म्हणून ही नवी आणली. पण हीसुद्धा फोमला धरून राहत नाहीत. धुळीत उतरतात, आणि धूळ पाण्यात. 'आता बेडूक हो' हा निरोप देतं थायरॉइडचं संप्रेरक. त्यात आयोडीन असतं. ज्वालारोधकाचा रेणू दिसायला तसाच, फक्त आयोडीनऐवजी ब्रोमीन. संप्रेरकाची जागा अडवतो आणि काम शून्य."

"म्हणजे आपल्या सीटवर पसरलेला परका प्रवासी!"

"अगदी."

नूपुरचा हात गळ्याकडे गेला. "सर, थायरॉइड तर आपल्यालाही असते."

"म्हणून तर धावत आलो. म्हणजे चालतच. हे संप्रेरक अडलं की माणूस मरगळतो. हल्ली धावायचा कंटाळा येतो."

वसाहतीतला सगळा फोम काढून सीलबंद केला गेला. त्या जागी गोदामातली जाड घोंगडी आली. लोकर सहजी पेट घेत नाही. पाणी कोळशातून गाळून घेतलं. थोड्याच आठवड्यांत टाकीत पाय फुटले, शेपट्या गळल्या. नूपुर नाचायची तेवढी बाकी होती.

यान उतरलं त्या दिवशी वसाहतप्रमुख खोब्रागडे मॅडम तरातरा प्रयोगशाळेत शिरल्या.

"नूपुर! स्वयंपाकघरात बेडूक छतापर्यंत उड्या मारतायत! यांना परवानगी दिली कुणी?"

"तुम्हीच, मॅडम."

"मी? आणि समितीत कुणीच विरोध केला नाही?"

"सगळे 'बरं' म्हणाले आणि जांभया देत उठले."

बाहेर चहात साखर किती यावरून दोघं कडाकडा भांडत होते. इतकं जिवंत भांडण वसाहतीत कुणी ऐकलं नव्हतं. डॉ. मुलाणींनी खुशीत टाळी वाजवली. "उतारा माणसांनाही लागू पडला!"

"उद्या समितीची बैठक लावते," मॅडम म्हणाल्या. "आणि या खेपेला मी सगळं वाचून येणार आहे."

"या की!" नूपुर म्हणाली. आपला आवाज इतका खणखणीत आहे, हे तिलाही आजच कळत होतं.