दोघांना दिसलेला गोंगाट

हे मी आधी पोलिसांना सांगितलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांना, मग भावोजींना. तिघांनीही ऐकून घेतलं आणि विषय बदलला. तुम्ही विश्वास ठेवाच असं माझं म्हणणं नाही. पण यात पदरचा एकही शब्द घातलेला नाही.

शनिवारची दुपार होती. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. आणि मी ताईच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत, लोखंडी पट्टीवर हनुवटी टेकवून बसलेलो.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर तिचं संशोधन. त्या पडद्यात दोन जातींच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात, रंग दाखवतात आणि ऐन मधोमध दाटीनं बसतात. दंडपेशी अंधारात जाग्या होतात. त्यांना रंग कळत नाही, आणि मधोमध त्या नसतातच.

म्हणून अंधारातली अंधुक वस्तू थेट पाहिली की नाहीशी होते. जरा बाजूला पाहिलं की दिसते.

मी गाड्यांना रंग मारतो. प्रयोगाला शाबूत डोळे लागले की ताई मला बोलावते.

"डोक्याचं माहीत नाही, पण डोळे चांगले आहेत तुझे."

"मग भावोजींना बसव की."

"ते अंधारात घोरतात रे."

खोलीच्या भिंती काळ्या. दाराला आतून कडी, त्यावर जाड काळा पडदा. दिव्याच्या बटणावर ताईनं चिकटपट्टीचे थर लावलेले. चुकून कोणाचा हात लागला, तर अर्धा तास बसून डोळ्यांना लावलेली अंधाराची सवय एका क्षणात वाया जाते.

अर्धा तास नुसतं बसायचं. अंधार दळत दळत पिठासारखा बारीक होत जातो. आधी काहीच नसतं. मग टेबलाची कड उगवते. मग ताईचे केस. मग तिचा खांदा.

लहानपणी वीज गेली की ती मला मांडीवर घेऊन बसायची. तसाच तिचा श्वास जवळ ऐकू येत होता.

मग दुसरा ऐकू आला...

मी माझा रोखून धरला.

तो थांबला नाही. नजरेच्या कडेला ताईच्या मागे काहीतरी उभं दिसलं.

"ताई, तुझ्यामागे कोणीतरी आहे."

ती हसली. "गोंगाट म्हणतो आम्ही त्याला. अंधारात दंडपेशी कधीकधी उगाचच पेटतात, प्रकाश नसताना. डोळा स्वतःशीच बडबडतो. मला तर महिनाभर रोज दिसतंय."

"काय दिसतंय?"

"राखाडी काहीतरी. उंच. मान वाकडी."



"डाव्या बाजूला वाकडी?"

"तुलाही तेच दिसतंय?" ताईनं विचारलं.

प्रत्येकाच्या डोळ्यातला गोंगाट वेगळा असतो. दोन माणसांना एकसारखा दिसूच शकत नाही. हे तिच्याहून चांगलं कोणाला माहीत असणार?

"दिवा लावतो," मी उठलो.

"थांब." तिचा आवाज कापत होता. पण त्यात भीतीच्या जोडीला दुसरंही काही होतं. "उजेड केलास तर सगळं जाईल. बाजूला बघत राहा आणि कुठे आहे ते सांग."

दुसरं कोणीही दाराकडे पळालं असतं. माझ्या बहिणीनं निरीक्षण करायचं ठरवलं.

मी तिच्या शेजारच्या भिंतीकडे नजर वळवली.

"खांद्यामागे... आता वाकतंय... ताई, त्याचा हात तुझ्या केसांत..."

धाड...

ताईचं तोंड लोखंडी पट्टीवर आपटलं.

पुन्हा.

पुन्हा.

ओल्या फांदीसारखं काहीतरी मोडलं. तिचं नाक होतं ते. मी धावलो, सरळ त्याच्याकडे बघत... आणि ते नाहीसं झालं. समोर नुसती ताई. तिचं डोकं आपोआप मागे खेचलं जात होतं आणि पुढे आदळत होतं. मी ठोसे मारले. हवेतच गेले. मग माझ्या जबड्यावर असा फटका बसला की दोन दात जिभेवर आले.

ताईच्या चेहऱ्यावर हात ठेवला. गरम, चिकट. बोटं काळी झाली. अंधारात रक्ताला रंग नसतो.

"डोळे..." ती घुसमटत म्हणाली. "माझे डोळे..."

मी मान फिरवली. मुद्दाम. भिंतीकडे बघितलं.

दिसलं. तिच्यावर ओणवं. दोन्ही अंगठे तिच्या डोळ्यांवर रोवलेले.

नजर भिंतीवरच ठेवून मी स्टूल उचललं आणि बाजूला हाणलं. भिजलेल्या पोत्यावर फटका बसावा तसा आवाज झाला. पुन्हा हाणलं. स्टुलाचा पाय मोडला. ते हटलं नाही.

मग मी बटणाकडे झेप घेतली. चिकटपट्टी निघेना. नखांनी ओरबाडली, दातांनी ओढली. मागे ताईचं ओरडणं बारीक होत होत... थांबलं.

दिवा लागला.

लाल. टेबल लाल, भिंत लाल, माझे हात लाल. ताई जमिनीवर. दाराची कडी आतूनच लागलेली.

तिसरं कोणी नव्हतं.

पोलिसांनी माझ्याच हातात बेड्या घातल्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घातल्या असत्या. शुद्धीवर आल्यावर ताई म्हणाली, "हा नव्हता. यानंच वाचवलं." कोण होतं, हे तिनं सांगितलं नाही.

ती वाचली. पण दोन्ही पडदे ऐन मधोमध फाटले होते. कडेकडेचं तेवढं दिसतं. समोरचं माणूस बघायचं तर तिला नजर जरा बाजूला न्यावी लागते. माझ्याशी बोलते तेव्हा ती माझ्या कानापलीकडे बघते. आधी अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. तशी बघते, म्हणजे मलाच बघते माझी ताई.

परवा सकाळी मी तिच्यासमोर चहा ठेवला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. तिनं मान वर केली.

आणि थेट माझ्या डोळ्यांत बघत राहिली...

"ताई, मी दिसतोय का तुला?"

तिनं चाचपडत माझा हात धरला. लहानपणी धरायची तसा, घट्ट.

"तू नाही," ती हळूच म्हणाली. "तुझ्या बाजूला. मान वाकडी. वळू नकोस."

आता तिच्याकडे गेलो की मी पाठ भिंतीला टेकवूनच बसतो.

तरीही ती कधीकधी थेट बघते...