बारक्याच्या मापाचं चिलखत

आमच्या संग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात शिरलेला माणूस आधी एकच विचारतो, हे केवढं जड असेल? आणि पाठोपाठ, हे घालून माणूस पडला तर उठायचा कसा? मी तिथल्या धातूच्या वस्तूंची निगा राखते. माझी कार्यशाळा दालनाच्या मागेच आहे, मधलं दार बहुतेक उघडं असतं, त्यामुळे हे प्रश्न कानावर पडत राहतात. हातातलं फडकं टाकून बाहेर जावं आणि सांगावं असं वाटतं की अहो, उठायचा, पळायचा, घोड्यावर टांगही टाकायचा. युरोपातल्या त्या जुन्या कारागिरांनी पोलाद शिंप्यासारखं अंगावर बेतलं आहे. कोपर वाकतो तिथे पट्ट्या एकमेकींखाली सरकतात, वजन खांद्यांवर, कमरेवर, मांड्यांवर वाटून दिलेलं असतं. एकदोनदा मी खरंच बाहेर जाऊन हे सगळं समजावून दिलं. त्यावर लोक म्हणाले, पण जड असेलच ना? मग मी हात टेकले.

दालन देखणं आहे. दोन्ही हातांनी पेलायच्या तलवारी भिंतीवर ओळीने लावल्या आहेत, त्यांच्या मुठींवरचं चामडं बोटांच्या जागी झिजलेलं दिसतं. लांब दांड्यांचे परशू आहेत, घोड्याच्या तोंडावर बांधायचं बख्तर आहे, त्याच्या डोळ्यांभोवती कोरलेल्या वेली आहेत. पण माझा जीव चिलखतांवर. तलवार आज याच्या हातात, उद्या त्याच्या. चिलखत मात्र एकाच माणसाच्या अंगाला नीट बसतं, आणि तो माणूस मातीला मिळून कैक पिढ्या गेल्या तरी त्याचं अंग तसंच उभं राहतं.

त्यातलं एक चिलखत मी इथे कामाला लागायच्या आधीपासून पेट्यांमध्ये सुटं पडून होतं. नव्या मांडणीत ते मधोमध उभं करायचं ठरलं. मी गंज काढला, सरकत्या पट्ट्यांच्या खिळ्या मोकळ्या केल्या, शिरस्त्राणाच्या, तोंडावर उतरणाऱ्या आणि डोळ्यांपुढे नुसती फट ठेवणाऱ्या झडपेची मोडकी बिजागरी सांधली. मालक कोण होता ते कुणालाच ठाऊक नाही, पण अंगलट कळत होती: चणीने लहान, कमरेत बारीक, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच उतरता.

चिलखत उभं करायला आत पुतळा लागतो. जिवंत माणसाच्या अंगावर ते कधीच चढवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, कारण घामासारखा लोखंडाचा वैरी नाही. तयार पुतळे सगळे रुंद खांद्यांचे. मी कापून, तासून, कापूस भरून थकले, तरी डावा खांदा काही बसेना.

अशातच एके संध्याकाळी घरी माझा धाकटा भाऊ उघड्या अंगाने अंगणातल्या नळाखाली हातावरचा रंग धूत होता. तो रंगारी आहे, घरांच्या भिंती आणि छतं रंगवतो. वय चाळिशीला टेकलं तरी चणीमुळे सगळे त्याला बारक्याच म्हणतात. वर्षानुवर्षं शिडी वाहून त्याचा डावा खांदा उतरला आहे. मी बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याला कार्यशाळेत नेलं आणि प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत गुंडाळल्या. पट्ट्या सुकेपर्यंत त्याच्या तोंडाला खळ नव्हता. "ताई, मेल्यावर घे की माप. जिवंतपणी कशाला घाई?" मी त्याला हलू नकोस म्हणून दटावलं. त्या साच्यातून मी पुतळा ओतला आणि उभं राहण्याची ढब बदलता यावी म्हणून खांद्यांना, कोपरांना, मानेला सांधे ठेवले. डोक्याच्या जागी बिनचेहऱ्याचा पांढरा गोळा बसवला.

चिलखत त्यावर चढलं ते कुठेही कापसाचा बोळासुद्धा न लावता. छातीचा पत्रा बसला, कुशीचे पट्टे नेमके जुन्या झिजलेल्या भोकांत लागले. आमच्या संग्रहालयाचे प्रमुख कौतुकाने दोनदा प्रदक्षिणा घालून गेले. मला आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही.

दालन खुलं झालं तेव्हा बारक्या बायकोला घेऊन बघायला आला. काचेची पेटी अजून यायची होती, नुसताच दोर लावला होता. भावजय तलवारी बघत पुढे गेली. हा मात्र चिलखतासमोर उभा राहिला, नेहमीची थट्टा नाही की काही नाही. जरा वेळाने म्हणाला, "काखेत आवळतंय."

"कुणाच्या?"

तो ओशाळून हसला आणि म्हणाला, काही नाही, चल, चहा पाज.

त्यानंतर त्याचा उजवा हात वर जाईना. छताला ब्रश टेकवायला गेला की कान ओलांडला न ओलांडला तोच हात थांबायचा. दुखतं का, तर नाही. भिंतीला हात लागावा तसं वाटतं, म्हणाला. डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं, काही निघालं नाही. शेक घ्या म्हणाले. मग मान मागे जायची थांबली. मग कमरेतून वाकणं. हातातली कामं दुसऱ्या रंगाऱ्यांकडे गेली. भावजय दुपारचीही कामाला जाऊ लागली, आणि दिवसभर बडबडणारा माणूस खिडकीशी खुर्चीत ताठ बसून राहू लागला.

एका रविवारी मी त्याला हात वर करायला सांगितला. तो जिथे थांबला ती जागा मी ओळखली. पण मी स्वतःला बजावलं की लोखंडाबरोबर राहून डोकं गंजलं आहे तुझं. पुढच्या सकाळी दालन उघडायच्या आत मी चिलखताचा उजवा हात वर उचलला. खांद्याचा पत्रा मानेच्या कडेला टेकला आणि हात थांबला. अगदी तिथेच.

मी खांद्याच्या खिळ्यांना पातळ तेल दिलं. तेल द्यायचंच होतं, त्यात वावगं काही नव्हतं. अर्ध्या तासात भावजयीचा फोन आला. "ताई, आत्ता यांनी स्वतःच्या हाताने केस विंचरले हो." ती रडत होती.

हे कुणाला सांगायचं? प्रमुखांना सांगितलं असतं तर त्यांनी मला रजेवर पाठवलं असतं, आणि माझ्या जागी दुसऱ्या कुणी चिलखताला हात लावला असता. रोज सकाळी सगळे सांधे तेलाच्या बोटाने पुसत राहिले. बारक्याला थोडं बरं वाटे, दुपारपर्यंत पुन्हा तसंच.

शेवटी ठरवलं, चिलखत उतरवायचं. पुतळा बाहेर काढायचा, घरी न्यायचा, मग पुढचं पुढे. फोन शेजारी ठेवून मी डाव्या कुशीचा पट्टा सोडला. पत्रा किंचित सुटला आणि आतलं प्लास्टर दिसलं.

फोन वाजला.

भावजय म्हणाली, "हे म्हणतायत कूस उघडी पडली. दोन चादरी घातल्या तरी गार लागतंय. त्यांना श्वास लागलाय, ताई, काय करू?"

पट्टा भोकात जाईना. कसाबसा लावला. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, तो हळूहळू खाली बसला.

म्हणजे काढायचंही नाही आणि ठेवायचंही नाही. मी तिथेच चौथऱ्याच्या पायरीवर बसले. पहिल्यांदाच ते चिलखत मला कुरूप दिसलं.

त्याच आठवड्यात पेटी आली. जाड काच, आत कोरडी हवा भरून चारी बाजूंनी बंद. पेटीवाल्यांच्या अवजारांशिवाय उघडत नाही, आणि ते बाहेरगावचे. काच चढवण्याआधी प्रमुख लांब उभे राहून बघत होते. त्यांना तो पांढरा गोळा खटकला. "मॅडम, कपड्यांच्या दुकानातला पुतळा वाटतो हो. झडप खाली करा, म्हणजे भारदस्त दिसेल."

मी म्हणाले, बिजागरी नाजूक आहे.

"तुम्हीच तर सांधलीत. उत्तम सांधलीत."

मी म्हणाले, उघड्या झडपेमुळे आतलं काम दिसतं. ते म्हणाले, चित्र लावू शेजारी. मी म्हणाले, काच चढवणं थोडं पुढे ढकलू. ते घड्याळाकडे बघून हसले. कारण मागितलं असतं तर काय सांगणार होते मी? तेवढ्यात पेटीवाल्यांबरोबरचा सुतार स्टुलावर चढला आणि त्याने आपला राकट पंजा झडपेकडे नेला.

"थांबा," मी म्हणाले. "मी करते."

निदान हात तरी हलका होता माझा. हातमोजे चढवले. झडप हळूहळू खाली आणली. हनुवटीपाशी खटका लागला.

फोन वाजला नाही.

काच चढली. हवा भरली. माणसं आली, बघून गेली. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ वाकून वाकून बघत होते आणि बायकोला म्हणत होते, काय देखणं काम आहे. गर्दी ओसरल्यावर मी काचेशी उभी राहिले आणि पुटपुटले, "मी काढते तुला. थोडा धीर धर." मग लवकर जाते असं सांगून निघाले.

बारक्या खिडकीशी बसला होता. पश्चिमेचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडलेलं. माझी चाहूल लागताच तो कमरेपासून अख्खा वळला. डोळे उघडे होते, पण मला शोधत होते.

"ताई, समोर ये. अजून थोडी डावीकडे. हं, आता दिसतेस."

भावजय म्हणाली, दुपारपासून असंच चाललंय, बाजूचं काही दिसत नाही म्हणतात. ती पाणी आणायला आत गेली. मी स्टूल ओढून त्याच्या अगदी समोर बसले.

"मघाशी काय म्हणत होतीस?" त्याने विचारलं. आवाज डब्यात बोलल्यासारखा येत होता.

"कधी?"

"समोर उभी होतीस ना. ओठ हलत होते तुझे. काच जाड आहे, काही ऐकू आलं नाही."

मी त्याला ते पुन्हा सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. तो म्हणाला, बरं. कशातून काढणार, कधी काढणार, काहीही विचारलं नाही त्याने.

सहा वाजले. सहाला पहारेकरी दालनाचे दिवे मालवून दार लावून घेतो.

"ताई, दिवा का घालवलास?"

खोलीत ऊन भरलेलं होतं. त्याच्या पापणीचा केस न् केस दिसत होता.

"वीज गेली," मी म्हणाले. "येईल."

"कधी?"

"सकाळी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दालनाची साप्ताहिक सुट्टी होती.