संत अंतोनीचा रिकामा हात

खोटं वाटलं तर वाटू दे. मला लाइक नकोत. माझा भाऊ घरात कोंडलाय, म्हणून सांगतेय.

मी एलिना. पाचूबंदर, वसई. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, मंगळवार.

भाऊ सिप्रियन एकटाच होडी घेऊन समुद्रात गेलेला. चार दिवस पत्ता नाही. मोबाईल बंद. शोधायला गेलेले हात हलवत परत आले.

हरवलेलं मिळावं म्हणून आम्ही संत अंतोनीला साकडं घालतो. त्याच्या हातावर बाळ येशू असतो. आयने रागारागाने अल्तारावरच्या, म्हणजे आमच्या घरातल्या देव्हाऱ्यावरच्या, मूर्तीचं ते बोटभर बाळ काढलं, रुमालात गाठ मारून तांदळाच्या डब्यात पुरलं.

"माझा पोर आन. मगच तुझा देईन."

"आय, संताला धमकी देतात का?"

"चार दिवस पाया पडले ना? आता गप!"

त्याच दुपारी तीनला होडी आली.

सिप्रियन जिवंत! आम्ही वेड्यासारखे रडलो.

तो म्हणाला, "पावसात काही दिसत नव्हतं. पण पुढे... एक लहान मूल रडत होतं. त्या आवाजामागे आलो. किनारा लागला, आवाज पाण्यातच राहिला."

उपाशीपोटी भास होतात, मी म्हटलं. मी पण मोठी शहाणी!

आनंदात बाळाला सगळेच विसरलो. बारा दिवस.

मग डबा उपसला. रुमाल सापडला. गाठ तशीच. तांदूळ कोरडे...

रुमाल ओला होता. जिभेला लावला. खारट.

आत काहीच नव्हतं.

आयने रिकामा रुमाल छातीशी धरला. "तोच गेलता सिप्रियनला आनायला. आनि आपन त्याला परत बोलावलाच नाय."

नवं बाळ आणून मूर्तीच्या हातावर चिकटवलं. सकाळी ते जमिनीवर. पुन्हा चिकटवलं, पुन्हा तेच.

तेव्हापासून दर मंगळवारी, दुपारी तीनला, सिप्रियन उठतो आणि पाण्याकडे चालू लागतो.

"तो रडतोय गं. एकटाच आहे."

दोनदा छातीभर पाण्यातून ओढून आणलाय. फादर प्रार्थना करून गेले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. कशाचा उपयोग नाही. आता आम्ही बाहेरून कडी लावतो.

मी म्हणायचे, आवाज याच्या डोक्यात आहे.

आज मंगळवार. तीन वाजून गेलेत. सिप्रियन दार बडवतोय. आय अल्तारापुढे डोकं आपटतेय, "मला ने, पन त्याला ठेव."

आणि खिडकीतून, समुद्राकडून...

मलाही ऐकू येतंय.

लहान मूल आहे हो. रडून रडून दमलंय.

माझा हात कडीवर आहे. काढू की नको, कोणी सांगेल का?